तीन वर्षांपासून दम

वॉर्ड सोडून वर्ष उलटलं तरी हॉस्पिटलात तिला सगळे सिस्टरच म्हणत. लिफ्टवाला म्हणे, झाडूवाल्या म्हणत, आणि बिलिंगच्या खोलीत शेजारच्या टेबलावर बसणारे म्हातारे काकासुद्धा म्हणत. सतरा वर्षं अंगावर पांढरा गणवेश होता, तो एका दिवसात थोडाच उतरतो!

वॉर्ड तिनं हौसेनं सोडला नव्हता. एका सकाळी एका अगडबंब पेशंटला कुशीवर वळवताना कमरेत कळ आली, ती आलीच. मणका सरकला. तीन महिने पाठीवर पडून तिनं घराच्या छताचे पोपडे मोजले. परत कामावर आली तेव्हा मेट्रन म्हणाल्या, "वजन उचलायचं नाही असं तुझ्या दाखल्यावर लिहिलंय. वजन न उचलणारी नर्स मी कुठे ठेवू, तूच सांग."

तोडगा मॅनेजरसाहेबांनी काढला. तळघरात बिलिंगला माणूस हवा होता.

"वर्षभराचा कोर्स आहे. बसून करायचं काम. आजार तुम्हाला कळतातच, आता ते फक्त आकड्यांत लिहायचे. शिका, नाहीतर..."

नाहीतरच्या पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. मुलगी आठवीत होती. नवरा पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. काम आलं तर हप्ताभर दम खायला फुरसत नाही, नाही आलं तर महिनाभर हातावर हात. तिनं फॉर्म भरला.

वर्ग संध्याकाळी भरायचा. सगळी विशी-बाविशीची पोरं, कानात काहीतरी खुपसून बसणारी. पहिल्याच दिवशी एकीनं तिला "मावशी, इथे साफसफाई झालीय का?" असं विचारलं आणि मग जीभ चावली. सिस्टरला हसू आलं. पण पुस्तक उघडल्यावर हसू पळालं. उशीएवढं जाड पुस्तक, आणि त्यात जगातल्या प्रत्येक दुखण्याला एक अक्षर आणि पुढे आकडे. मोडलेलं हाड उजवं की डावं, पेशंट पहिल्यांदा आलाय की पुन्हा, बिछान्यातून पडला की जिन्यावरून, सगळ्याला वेगळा कोड. एक आकडा चुकला की विमा कंपनी कागद जसाच्या तसा परत पाठवणार.

"घोरण्यालासुद्धा कोड आहे," ती एकदा जेवताना नवऱ्याला म्हणाली.

"मग लाव की क्लेम. इतकी वर्षं फुकटातच घोरतोय मी."

पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. आयुष्यात कधी नापास झाली नव्हती, तेव्हा मुलीसमोर निकाल सांगताना कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कारण साधं होतं. प्रश्नात दिलेली केस वाचून पेशंटला काय झालं असणार हे तिला कळत होतं आणि तिनं तेच लिहिलं होतं. शिकवणारे सर म्हणाले, "सिस्टर, तुमचं निदान बरोबर असेल. पण ते कागदावर कुठे आहे? कागदावर नाही ते आपल्यासाठी झालंच नाही." दुसऱ्या वेळी तिनं स्वतःचं सगळं शहाणपण गुंडाळून ठेवलं आणि पास झाली.

मग मात्र तिची गाडी रुळावर आली. तळघरातल्या त्या खोलीला उजेडाची खिडकी नव्हती; होती ती फक्त बोळाकडची, लोकांकडून कागद घ्यायची. दिवसभर ट्यूबलाइट, भिंतीला फायलींची मांडणी, आणि वरच्या मजल्यावरून खाली येणारे नळ सारखे गुरगुरत. पण तिला काम येत होतं. डॉक्टरांचं अक्षर म्हणजे शाईत बुडवून सोडलेल्या मुंग्या. काका भिंग घेऊन बसायचे, आणि ती लांबूनच वाचून सांगायची. नर्सच्या नोंदी वाचल्या की तिच्यासमोर पेशंट उभा राहायचा. कुठे काय लिहायचं राहिलंय हे तिला पहिल्या पानावरच कळायचं. सहा महिन्यांत परत येणारे क्लेम निम्म्यावर आले. मॅनेजरसाहेब एकदा स्वतः खाली येऊन "छान चाललंय" म्हणून गेले. चाळिशी ओलांडल्यावर आपल्याला नवीन काही जमतं, याचा तिला आतल्या आत फार आनंद झाला होता. त्या आनंदातच ती होती, तेव्हा बाईंची फाइल आली.

बाई म्हणजे तीन नंबर वॉर्डच्या हेड नर्स. एकतीस वर्षं नोकरी, लग्न केलं नाही, आईला शेवटपर्यंत सांभाळलं, आणि धाकट्या भावाला किल्ल्या बनवायचं दुकान टाकून दिलं. सिस्टर तेवीस-चोवीस वर्षांची असताना बाईंच्याच हाताखाली पहिल्यांदा उभी राहिली. सलाइन कशी लावायची, मेलेल्या माणसाचे डोळे कसे मिटायचे, दारुड्या पेशंटला कसं दटावायचं, सगळं बाईंनी शिकवलं. आणि नोंदी कशा लिहायच्या तेही. "पेशंट जे बोलेल ते त्याच्याच तोंडचं लिही. आपली भर नको, काटछाट नको," असं त्या प्रत्येक नव्या मुलीला सांगत. वॉर्डात त्यांचा दरारा असा, की त्यांच्या चपलेचा आवाज आला की डॉक्टरसुद्धा हातातला चहा खाली ठेवायचे.

त्या बाई एका दुपारी औषधांच्या ट्रॉलीपाशी खाली बसल्या आणि त्यांना उठवेना. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप निकामी झाली होती. ऑपरेशन करून नवी बसवायला हवी, तीही लवकर. झडप बाहेरून आणायची, सर्जन बाहेरून यायचा, आणि खर्च एवढा, की बाईंचं सगळं किडूकमिडूक विकलं तरी अर्धा भरला नसता. पण काळजीचं कारण नव्हतं. हॉस्पिटलच्या सगळ्या माणसांचा विमा होता. "मंजुरी आली की दुसऱ्या दिवशी टेबलावर घेऊ," मॅनेजरसाहेब म्हणाले. मंजुरीसाठी फाइल तळघरात आली.

सिस्टरनं ती दुसऱ्या कुणाला हात लावू दिली नाही. खुर्ची पुढे ओढून पान पान वाचत गेली आणि तिसऱ्या पानावर थांबली. दाखल करताना नव्या नर्सनं सुवाच्य, गोल अक्षरात लिहिलं होतं: 'पेशंटच्या सांगण्यानुसार तीन वर्षांपासून जिना चढताना दम लागतो.'

हॉस्पिटलनं विमा कंपनी बदलली त्याला दोन वर्षं झाली होती. पॉलिसी सुरू व्हायच्या आधीपासूनचा आजार असेल तर चार वर्षं काही मिळणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. ते कलम सिस्टरला पाठ होतं. याच कलमावर तिनं कितीतरी फायली परत आलेल्या पाहिल्या होत्या.

तिनं ते पान काकांना दाखवलं. काकांनी भिंग लावलं, वाचलं आणि भिंग खाली ठेवलं.

"पोरीनं घात केला की," ते म्हणाले. "पण तिचा तरी काय दोष? जे ऐकलं ते लिहिलं."

सिस्टर जिना चढून वॉर्डात गेली. बाई खिडकीजवळच्या खाटेवर होत्या, पाठीमागे उशा लावून. ज्या खाटांवरच्या चादरीची एक सुरकुती त्यांना खपत नसे, त्यातल्याच एका खाटेवर त्या आज अंग टाकून पडल्या होत्या. सिस्टरनं स्टूल ओढलं.

"बाई, दम तीन वर्षांपासून लागतोय, असं तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं. का गं?"

"तीन वर्षं?"

"तेव्हा लागत होता. मग रक्त कमी आहे म्हणाले, गोळ्या दिल्या, खाल्ल्या आणि बरी झाले. आता या वर्षी त्या तापानंतर पुन्हा सुरू झालं. त्या पोरीनं विचारलं पहिल्यांदा कधी लागला, मी म्हटलं तीन वर्षं झाली असतील. का, काय झालं?"

सिस्टरनं समजावून सांगितलं. हॉस्पिटलचे कागद बाईंना नवे नव्हते. मधेच त्यांच्या चेहऱ्यावर सगळं लखलखीत कळल्याची खूण दिसली. त्यांनी शेजारच्या खाटेकडे पाहिलं. तिथली पेशंट झोपली होती. मग त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या,

"ते तीन वर्षांचं तीन महिने करता येईल का गं?"

सतरा वर्षांत बाईंच्या तोंडून असलं वाक्य सिस्टरनं ऐकलं नव्हतं. एकदा एका नर्सनं पेशंटचा ताप न मोजताच तक्त्यावर आकडा टाकला, तेव्हा याच बाईंनी तिला सगळ्या वॉर्डासमोर रडवलं होतं.

करता आलं असतं. पान बदलायचं, त्या पोरीची सही पुन्हा घ्यायची, दोन मिनिटांचं काम. पण मागच्याच महिन्यात दुसऱ्या एका हॉस्पिटलातल्या बिलिंगवाल्याला असंच पान बदलल्याबद्दल पोलीस घेऊन गेले होते. त्याच्या सर्टिफिकेटचं तर सोडाच, त्याला आता कुठे रांगेतले नंबर वाटायच्या कामालासुद्धा कुणी ठेवत नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर मुलगी आली, नवरा आला, आपली मोडकी पाठ आली.

"बघते, बाई," ती म्हणाली.

बाईंना 'बघते'चा अर्थ कळला. त्यांनी हात पुढे करून तिचं मनगट दाबलं, जणू नाडी बघत होत्या. "जाऊ दे. मी विचारलंच नाही असं समज. खालीच जा आता, तुझी कामं पडली असतील."

तिनं फाइल होती तशी पाठवली. पाचव्या दिवशी नकार आला.

मग सिस्टरनं कंबर कसली. हरकतीचं पत्र पाठवायची सोय असते. तिनं पत्र लिहिलं. बाईंची एकतीस वर्षांची नोकरी, एक दिवसही विनापरवाना रजा नाही, साथीच्या काळात बावीस दिवस घरी न गेलेल्या, हजारो लोकांना ज्यांनी मरणाच्या दारातून ओढून आणलं अशा बाई, हे सगळं तिनं लिहिलं. लिहिताना ती रडली. काकांनी वाचलं आणि चष्मा पुसला.

"पत्र फार चांगलं लिहितेस," ते म्हणाले. "पण तिकडे बसलेल्या माणसाला पत्र वाचायचं नसतं गं. त्याला रकाना बघायचा असतो."

"मग रकान्यात काय भरू, काका? सांगा ना."

"मला माहीत असतं तर मी या वयात इथे पावत्यांना टाचण्या मारत बसलो असतो का?"

दहा दिवसांनी नकार. तिनं दुसरं पत्र लिहिलं, पहिल्याहून लांब, मॅनेजरसाहेबांच्या आणि चार डॉक्टरांच्या सह्या घेऊन. सह्या सगळ्यांनी आनंदानं दिल्या. पुन्हा नकार, आणि या वेळी फक्त दोन ओळी. तिसरं पत्र तिनं कंपनीच्या सगळ्यात वरच्या अधिकाऱ्याला लिहिलं. त्याचं उत्तरच आलं नाही. फोन केला की एक गोड आवाजाची मुलगी "तुमचा मुद्दा मी पुढे कळवते" म्हणायची. असे तिनं अकरा फोन केले, आणि अकरा वेळा मुद्दा पुढे गेला.

वॉर्डातल्या पोरींनी वर्गणी काढली, मॅनेजरसाहेबांनी हॉस्पिटलचा भाग सोडून दिला, भावानं दुकानाची जागा गहाण टाकायची तयारी केली. पण त्या जागेवर आधीच कर्ज होतं. सगळं मिळूनही झडपेपर्यंत हात पोचला नाही. बाई सहा आठवड्यांनी घरी गेल्या. "फुकट खाट अडवून बसायला मला लाज वाटते," म्हणाल्या.

सिस्टर दर रविवारी त्यांच्याकडे जायची. दुकानाच्या मागची खोली. मधल्या दारातून किल्ल्या घासायच्या यंत्राचा किर्रर्र आवाज यायचा आणि थांबायचा. पहिल्या रविवारी बाई दोन उशांवर होत्या, तिसऱ्या रविवारी तीन, आणि पुढे खुर्चीत बसूनच झोपायला लागल्या. सिस्टर त्यांच्या पायावर बोट दाबायची; खड्डा पडायचा आणि भरायला वेळ लागायचा. दोघींनाही त्या खड्ड्याचा अर्थ माहीत होता. दोघी त्याकडे बघत आणि मग वॉर्डातल्या जुन्या गमती काढत. तो पेशंट, ज्यानं भूल उतरताना सर्जनला लग्नाची मागणी घातली. ती आजी, जी प्रत्येक गोळी आधी नर्सला खायला लावायची. हसता हसता बाईंना दम लागायचा.

आजाराबद्दल त्या एकदाच बोलल्या. "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या हातात होतं तेवढं तू केलंस."

एका बुधवारी दुपारी, भाऊ पुढे गिऱ्हाईक करत असताना, बाई खुर्चीतच गेल्या.

स्मशानातून परतताना भाऊ सगळ्या लोकांतून वाट काढत तिच्यापाशी आला. हातांना अजून धातूच्या किसाचा वास होता. त्यानं दोन्ही हात जोडले.

"सिस्टर, तुम्ही ताईसाठी जिवाचं रान केलंत. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं एवढं केलंत. त्या कंपनीवाल्यांचं वाटोळं होईल, बघा तुम्ही."

तिनं फक्त मान हलवली.

इकडे हॉस्पिटलात तिच्या त्या तीन पत्रांच्या प्रती मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर पडून होत्या. त्यांनी त्या एकदा सवडीनं वाचल्या आणि तिला वर बोलावलं. इतकं चांगलं लिहिणारं माणूस आपल्याकडे असताना नाकारलेल्या क्लेमसाठी वेगळा विभाग का काढू नये, असं त्यांच्या डोक्यात आलं होतं. विभाग म्हणजे ती एकटीच. पण पगार वाढणार होता, आणि वरच्या पातळीचा कोर्स हॉस्पिटलच्या खर्चानं. बाईंना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. नाही म्हणायचं तिच्या मनात आलं. पण मुलीची दहावी होती. ती हो म्हणाली आणि जिना उतरताना तिला स्वतःची किळस आली.

वरचा कोर्स चांगला होता. शिकवायला एक तरुण मॅडम होत्या, तिच्या मुलीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठ्या, हुशार, भराभर बोलणाऱ्या. चौथ्या का पाचव्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर मथळा लिहिला, 'आधीपासूनचा आजार'. सिस्टरनं वही सरळ केली.

"यात सगळेच एक चूक करतात," मॅडम म्हणाल्या. "पेशंट म्हणतो, मला तीन-चार वर्षांपासून दम लागतोय. आता दम हा आजार नाही, ते लक्षण आहे. कंपनी लक्षणाच्या तारखेवर बोट ठेवून क्लेम नाकारते. आपण काय करायचं? तेव्हाचा दम कशामुळे होता ते बघायचं. रक्त कमी असेल, वजन जास्त असेल, काहीही. तेव्हाचा एखादा केसपेपर शोधायचा आणि डॉक्टरांकडून चार ओळींचा दाखला घ्यायचा, की तेव्हाचं कारण वेगळं होतं आणि आताचा आजार नंतरचा आहे. पहिल्या नकारापासून तीस दिवसांत तो गेला की कंपनीला मंजूर करावंच लागतं. अगदी सोपी केस असते ही. परीक्षेत हमखास येते."

सगळ्यांनी लिहून घेतलं. सिस्टरनंही लिहिलं. लिहून झाल्यावर तिनं हात वर केला.

"आणि तीस दिवस होऊन गेले असतील तर?"

"मग काही नाही. मग दार बंद." मॅडमनी फळा पुसला. "पण तीस दिवस खूप असतात हो."

वर्गातून ती कशी बाहेर आली, बस कोणती पकडली, तिला आठवत नव्हतं. घरी नवऱ्यानं विचारलं, "काय झालं? चेहरा असा का?" ती म्हणाली, "पाठ दुखतेय." ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जुन्या कागदांच्या खोलीत गेली. ही खोली बिलिंगच्या खोलीला लागूनच होती, मधे एक पातळ भिंत. तिथल्या माणसाला तिनं साल सांगितलं. गठ्ठे वर्षावार, महिन्यावार नीट बांधलेले होते. बाईंच्याच धाकामुळे त्या हॉस्पिटलात कागदांची अशी शिस्त होती. दहा मिनिटं लागली. फिका पडलेला एक बाह्यरुग्ण विभागाचा कागद. बाईंचं वय, रक्ताचं प्रमाण, 'दम रक्तक्षयामुळे', तीन महिन्यांच्या गोळ्या. आणि खाली दुसऱ्या भेटीची नोंद: 'आता तक्रार नाही. हृदय तपासले, दोष नाही.' तारीख, सही, शिक्का. सही करणारे डॉक्टर आजही दुसऱ्या मजल्यावर बसत होते. तिच्या दुसऱ्या पत्रावर ज्या चौघांनी आनंदानं सह्या केल्या, त्यांतले एक तेच होते.

'मग रक्त कमी आहे म्हणाले, गोळ्या दिल्या, खाल्ल्या आणि बरी झाले.' बाईंनी हे तिला तोंडानं सांगितलं होतं. स्टुलावर बसून, हातभर अंतरावरून तिनं ते ऐकलं होतं. आणि खाली येऊन साथीच्या बावीस दिवसांबद्दल पानभर लिहिलं होतं.

चार दिवसांनी तिनं ते काकांना सांगितलं. काका खूप वेळ टाचण्यांची डबी उघडझाप करत राहिले.

"तुला तेव्हा माहीत नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "मलाही नव्हतं. या खोलीत कुणालाच नव्हतं."

"या खोलीचं कामच ते आहे, काका."

"मग काय करणार आहेस?"

"भावाला सांगायला हवं."

"वेडी आहेस का? त्याला सांगून काय होणार?"

काय होणार ते तिलाही ठाऊक नव्हतं. पण त्या माणसानं स्मशानात जोडलेले हात तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. रस्त्यात कुठे भेटला की तो अजून तसाच वाकून नमस्कार करायचा, दुकानात चहा घेतल्याशिवाय सोडायचा नाही. तो नमस्कार तिला आता सोसत नव्हता.

ती रविवारी गेली. तो एका कुलपाचं पोट उघडून बसला होता. तिला बघून उठला, स्टूल पुसलं, चहा सांगायला निघाला. तिनं त्याला थांबवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दाखल्याचं, तीस दिवसांचं, पलीकडच्या खोलीतल्या कागदाचं. काही लपवलं नाही. तो ऐकत होता. हातातला बारीक स्क्रू त्यानं बोटांत फिरवता फिरवता थांबवला.

"म्हणजे ताईचं ऑपरेशन झालं असतं."

"हो."

"चार ओळींचा कागद हवा होता फक्त."

"हो, दादा."

"आणि तो तुमच्या शेजारच्या खोलीत होता."

तो काउंटरवर पडलेल्या किल्ल्यांकडे बघत राहिला. ओरडेल, अंगावर येईल, हाकलून देईल, असं तिला वाटलं होतं. खरं तर तिला तेच हवं होतं. पण तो बोलला तेव्हा आवाज अगदी थकलेला होता.

"हे तुम्ही मला का सांगितलंत?"

"तुम्ही मला उगाच मोठेपणा देत होतात. मला..."

"मला कंपनीचा राग होता, सिस्टर. रोज सकाळी उठून त्यांना चार शिव्या हासडायचो आणि कामाला लागायचो. ते बरं चाललं होतं माझं. आता मी कुणाला शिव्या देऊ? तुम्हाला? तुम्ही तर तिच्यासाठी रडलेल्या आहात." तो खाली बसला. "तुम्ही तुमचं ओझं उतरवलंत, आणि इथे ठेवून चाललात."

तिला हे सुचलंच नव्हतं. खरं बोलायचं एवढंच तिच्या डोक्यात होतं. ते ऐकणाऱ्याचं पुढे काय होतं, हा विचारच आला नव्हता. ती माफी मागायला लागली तसा त्यानं हात हलवला, माशी हाकलावी तसा, आणि यंत्र सुरू केलं. त्या किर्रर्र आवाजात तिचे शब्द तिलाच ऐकू आले नाहीत. ती निघून आली.

सोमवारी तिनं राजीनामा लिहिला. मॅनेजरसाहेबांनी तो वाचला, घडी घातली आणि तिच्या हातात परत दिला.

"भावनेच्या भरात काही करू नका. आणि जाणार कुठे? वॉर्डात घेणार नाहीत, दुसरं काही येत नाही. आता कुठे तुम्ही तयार झाला आहात."

ते खरंच होतं, आणि तेच तर भयंकर होतं. आता ती तयार झाली होती.

वरच्या कोर्सला तिला पहिला वर्ग मिळाला. तो प्रश्न परीक्षेत हमखास आला होता. मुलीनं निकालाचा कागद कपाटावर चिकटवला. सिस्टर कपाटातून कपडे काढताना त्याकडे न बघता दार उघडायची. तिच्या विभागाचं काम जोरात सुरू झालं. आधीपासूनच्या आजाराची फाइल आली की ती तासाभरात जुना कागद शोधायची, दाखला लिहून डॉक्टरांसमोर धरायची आणि आठव्या-दहाव्या दिवशी मंजुरी यायची. पहिली मंजुरी आली त्या दिवशी काका म्हणाले, "बघ, जमलं की!" ती म्हणाली, "हो." पेशंट कोण होता, बरा झाला का, हे बघायला ती वर गेली नाही. तीन नंबर वॉर्डाचा जिनाच तिनं सोडून दिला होता; सही हवी असली तर शिपायाला पाठवायची. रविवारी ती घरीच असायची. नवरा म्हणायचा, चल, कुठेतरी जाऊन येऊ. ती म्हणायची, पाठ दुखतेय.

पुढच्या वर्षी एका सकाळी बिलिंगच्या खिडकीपाशी तिला ओळखीचा आवाज आला. बाईंचा भाऊ होता. सोबत त्याची बायको, तोंडाला पदर लावून खोकत होती. तो खिडकीत वाकला, आत सिस्टरला पाहिलं, आणि नमस्कार केला नाही.

"दुसरं कुणी आहे का इथे?" त्यानं विचारलं.

काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग उठून खिडकीशी गेले. तिनं समोरची फाइल जवळ ओढली. भाऊ कागद पुढे सरकवत होता, काका खोकला कधीपासून, कशानं, असं एकेक विचारून लिहीत होते, आणि मधून मधून तो खोकला येत होता, ओला, खोल, छातीच्या तळाचा. असा खोकला किती जुना असतो ते तिला न बघताही कळत होतं. ती मान वर न करता आकडे भरत राहिली.